प्राणिसंग्रहालयं आणि नष्टप्राय प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिसंग्रहालयांचा विषय निघाला की प्रश्नांची रांग लागते. काही कुतूहलाचे असतात, बरेचसे रागाचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीत टाकणारे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्राण्यांना कोंडायचं आणि तिकीट लावायचं, यात संवर्धन कुठून आलं?

इतिहास बघितला तर हा राग खोटा म्हणता येत नाही. झेब्र्याचा भाऊबंद असलेला क्वाग्गा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात संपला. ती मादी शेवटची होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अब्जावधींच्या संख्येने उडणाऱ्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटची 'मार्था' १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीत मेली. टास्मानियाचा थायलसिन, म्हणजे लांडग्यासारखा दिसणारा पोटपिशवीवाला प्राणी, १९३६ मध्ये होबार्टमध्ये गेला. तिन्ही ठिकाणी पिंजरा होता, खाणं होतं, बघायला गर्दीही होती. वंश पुढे कसा न्यायचा याचा विचार तेवढा झाला नव्हता.

बदल सुरू झाला तो युरोपियन बायसनपासून. या गव्याच्या जातभाईचा शेवटचा जंगली कळप १९२७ मध्ये कॉकेशसमध्ये मारला गेला. पण त्याआधीच, १९२३ मध्ये, निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कुरणांत उरलेल्या बायसनांची शिरगणती करून त्यांची वंशावळ लिहायला घेतली होती. आजचे सगळे बायसन बारा प्राण्यांपासून आलेले आहेत. १९५२ मध्ये पहिला कळप पोलंडमधल्या बियावोविएझाच्या जंगलात परत सोडला आणि आता संख्या हजारोंच्या घरात आहे. पिंजरे तेव्हाही होतेच. जोडीला वही आली, एवढाच फरक.

२. प्राणिसंग्रहालय नसतं तर नक्की संपली असती, अशी एखादी प्रजाती सांगा.

एक नाही, बऱ्याच आहेत. शेवल्स्की घोडा जंगलात शेवटचा दिसला तो १९६९ मध्ये, मंगोलियात. त्यानंतर जगातला प्रत्येक शेवल्स्की घोडा कुठल्या ना कुठल्या कुंपणाआड होता. १९९२ पासून त्यांना मंगोलियाच्या गवताळ माळावर परत नेलं.

कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडाची गोष्ट जास्त धाडसाची आहे. १९८२ मध्ये जगात २२ पक्षी उरले होते. १९८७ मध्ये जंगलातला शेवटचा पक्षीही पकडून सॅन डिएगो आणि लॉस एंजलिसच्या केंद्रांत ठेवला. एकूण २७. कॉन्डॉर हा मोकळ्या आभाळाचा पक्षी, तो पिंजऱ्यात मरण्यापेक्षा आभाळात संपलेला बरा, असं म्हणणारे लोक तेव्हा होते आणि त्यांचा आवाज मोठा होता. कॉन्डॉरची मादी एका वेळी एकच अंडं घालते, पण ते अंडं काढून घेतलं तर बहुधा दुसरं घालते. या सवयीचा फायदा घेऊन संख्या वाढवली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून प्रौढ कॉन्डॉरच्या डोक्यासारखी हातबाहुली घालून भरवलं. १९९२ पासून पक्षी सोडायला सुरुवात झाली आणि आज पिंजऱ्यातले व बाहेरचे मिळून पाचशेच्या वर आहेत.

प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचा रेल पक्षी, सहाराच्या कडेचा हरणासारखा तलवारशिंगी ओरिक्स आणि काळ्या पायांचं फेरेट हा मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी यांची नावंही याच यादीत येतात.

३. नर आणि मादी एकत्र ठेवली की झालं ना?

हरणांच्या बाबतीत सहसा होतं, आणि म्हणूनच तिथे चुका जास्त होतात. खरं काम कागदावर असतं. प्रत्येक प्रजातीचं एक 'स्टडबुक' असतं. ते म्हणजे कोण कुणाचं पिल्लू, कुठे जन्मलं, कुठे हलवलं, कधी मेलं याची वही. ती सांभाळणारा माणूस दर वर्षी कुणाची जोडी लावायची आणि कुणाची नाही ते सुचवतो. लग्न जमवणाऱ्यासारखंच काम आहे, फक्त इथे पत्रिकेऐवजी नात्याचा गुणांक बघतात. ज्याचे भाऊबंद कमी, त्याला मागणी जास्त.

साधारण उद्दिष्ट असं धरतात की मूळच्या जनुकीय वैविध्याचा ९० टक्के भाग शंभर वर्षं टिकला पाहिजे. त्यासाठी एका शहरातला नर दुसऱ्या खंडातल्या मादीकडे जातो. प्राणी विकत घेण्या-देण्याचा जुना व्यवहार या कार्यक्रमांत जवळपास संपला आहे. प्राणी उसनवारीने जातात आणि पिल्लं कुणाची हे आधीच ठरलेलं असतं.

४. सात-बारा प्राण्यांपासून आख्खी प्रजाती? मग नात्यातल्या नात्यात विणीचे दोष येत नाहीत का?

येतात. काळ्या पायांचं फेरेट १९८१ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये पुन्हा सापडलं. रोगाची साथ आल्यावर उरलेली १८ पकडली आणि त्यांतल्या फक्त सातांचा वंश पुढे गेला. आज हजारो पिल्लं जन्मलेली असली तरी सगळी एकमेकांची चुलत-आत्ये भावंडंच. अशा वंशात रोगांशी लढायची ताकद आणि प्रजननक्षमता कमी होण्याचा धोका कायम राहतो. स्टडबुकने हा धोका लांबवता येतो, मिटवता येत नाही. हरवलेली जनुकं परत आणण्याचा एक नवा मार्ग निघाला आहे, तो प्र. ११ मध्ये.

५. पांढऱ्या वाघांची पैदास करतात तेही संवर्धनच ना?

नाही. पांढरा वाघ ही वेगळी प्रजाती नाही. एका अप्रभावी जनुकामुळे साध्या वाघाला येणारा तो रंग आहे. १९५१ मध्ये रेवाच्या जंगलात पकडलेला 'मोहन' हा बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष. रंग टिकवण्यासाठी त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली गेली. या वंशात तिरळेपणासारखे दोष दिसतात, कारण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची मांडणीच चुकलेली असते. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना अशी पैदास बंद करायला लावली. एखाद्या ठिकाणी पांढरी पिल्लं दाखवून 'वाघ वाचवा'ची पाटी लावलेली दिसली, तर माझा तरी तिथला विश्वास उडतो.

६. प्राणी जंगलातून पकडूनच आणतात ना अजून?

मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक सस्तन प्राणी आता तिथेच जन्मलेले असतात. संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून 'साइट्स' कराराचे निर्बंध आहेत. मासे आणि इतर सागरी जीवांचं चित्र मात्र एवढं स्वच्छ नाही. मत्स्यालयांत समुद्रातून पकडलेले जीव आजही बरेच असतात. वाचवण्यासाठी मुद्दाम पकडणं हा वेगळा विषय. त्याचं उदाहरण प्र. २ मध्ये आलं आहे, आणि फसलेलं उदाहरण प्र. १० मध्ये आहे.

७. आयतं खाऊन वाढलेला प्राणी जंगलात जगणार कसा?

सुरुवातीला जगत नव्हताच. ब्राझीलचा सोनेरी सिंह-टॅमरिन हा मूठभर आकाराचा माकडवर्गीय प्राणी. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले टॅमरिन अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात सोडायला लागले. त्यांना हलणाऱ्या फांदीवर तोल सांभाळता येईना. पिंजऱ्यातल्या फांद्या पक्क्या ठोकलेल्या होत्या! फळ समोर असूनही ते सोलायचं कसं हे ठाऊक नव्हतं. सुरुवातीचे बरेचसे मेले. मग पद्धत बदलली. सोडण्याआधी त्यांना मोकळ्या झाडांवर वावरू दिलं, सोडल्यावरही बराच काळ खाणं पुरवलं, माणसं मागे राहून लक्ष ठेवत होती. पहिल्या पिढीला जेमतेम जमलं. जंगलात जन्मलेली पुढची पिढी मात्र तरबेज निघाली. आज जंगलात असलेल्या टॅमरिनांपैकी सुमारे एक तृतीयांश या सोडलेल्यांच्या वंशातले मानले जातात.

फेरेटांनाही असंच शिकवावं लागलं. प्रेअरी डॉग या खारीच्या जातभाईंच्या खऱ्याखुऱ्या बिळांमध्ये ठेवून शिकार करू दिली, तेव्हा सोडल्यानंतर जगण्याचं प्रमाण वाढलं. कॉन्डॉर विजेच्या खांबांवर बसून मरत होते, म्हणून पिंजऱ्यात खोटे खांब उभारले आणि त्यांवर बसल्यास सौम्य झटका बसेल अशी सोय केली. मध्य युरोपातल्या टकल्या आयबिस पक्ष्याला स्थलांतराचा रस्ता दाखवायला आईबापच उरले नव्हते. २००४ पासून माणसं लहानशा विमानात बसून पुढे उडायला लागली आणि पाळून वाढवलेले पक्षी त्यांच्यामागून आल्प्स ओलांडून इटलीत जायला लागले.

या सगळ्याला वेळ किती लागतो याची कल्पना बातम्यांवरून येत नाही. बातमी पिंजऱ्याचं दार उघडतानाच्या फोटोची असते. खरं काम त्यानंतर दहा-वीस वर्षं चालतं.

८. एवढं जमतं तर सगळेच वाघ-सिंह जंगलात का सोडत नाहीत?

कारण बहुतेकांना जागाच नाही, आणि ज्या कारणाने ते संपत आले ते कारण अजून तिथेच बसलेलं आहे. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अरबी ओरिक्सचा शेवटचा जंगली प्राणी १९७२ मध्ये ओमानमध्ये मारला गेला. त्याच्या दहा वर्षं आधीच धोका ओळखून काही प्राणी अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन कळप वाढवायला सुरुवात झाली होती. १९८२ मध्ये ओरिक्स ओमानच्या वाळवंटात परतले. १९९६ पर्यंत संख्या ४५० च्या आसपास गेली. मग शिकारी पुन्हा आले. जिवंत ओरिक्स पकडून खासगी संग्रहांना विकायचे. २००७ पर्यंत ६५ उरले आणि त्या वर्षी ते अभयारण्य युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतून काढून टाकलं गेलं. तोवर असं कुठल्याच जागेबाबत झालं नव्हतं. प्रजनन उत्तम जमलेलं होतं. बंदूक आणि सापळा तसेच राहिले होते. पुढे इतर देशांतले कळप वाढले, म्हणून २०११ मध्ये ही प्रजाती 'असुरक्षित' या तुलनेने बऱ्या वर्गात आली.

ग्वामच्या रेलची अडचण आणखी विचित्र. लष्करी मालातून बेटावर आलेल्या तपकिरी वृक्षसापाने तिथले पक्षी फस्त केले. साप आजही ग्वामवर आहे. म्हणून रेल पक्षी घरी नाही, शेजारच्या सापमुक्त बेटांवर सोडला, आणि २०१९ मध्ये तो 'जंगलातून नामशेष' या वर्गातून बाहेर पडला. कॉन्डॉरचंही तेच. मेलेल्या जनावरातल्या शिशाच्या गोळ्या पोटात जाऊन ते आजही मरतात. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर २०१९ पासून पूर्ण बंदी आली, पण पक्षी राज्यांच्या सीमा पाळत नाहीत.

मोठ्या मांजरांबाबत एक भर. माणसाला न भिणारा वाघ जंगलात सोडला तर तो गावाकडे वळण्याची शक्यता मोठी. त्याची शिक्षा वाघालाही होते आणि गावालाही.

९. वाघ, पांडा, हत्ती यांच्यावरच सगळा खर्च. बेडूक आणि किडे कुणी वाचवतं का?

तक्रार रास्त आहे. २०११ मध्ये झालेल्या एका मोजणीनुसार धोक्यात असलेल्या जमिनीवरच्या पृष्ठवंशी प्रजातींपैकी साधारण सातांतली एक प्राणिसंग्रहालयांत होती. उभयचरांचा वाटा त्यात फारच तोकडा. गंमत अशी की प्राणिसंग्रहालयांना सगळ्यात जास्त जमू शकतं ते याच लहान जीवांचं. एका हत्तीच्या जागेत बेडकांच्या कितीतरी प्रजाती राहतील, पिल्लं भरमसाट होतील आणि सोडताना शिकवायला फारसं काही लागणार नाही. कायट्रिड बुरशीने अनेक देशांतले बेडूक मारून टाकले, तेव्हा पनामाच्या सोनेरी बेडकासारख्या प्रजाती काचेच्या पेट्यांतच तगल्या.

लॉर्ड हाउ बेटावरचा काडीकिडा तर हातभर नसला तरी वीतभर नक्की. जहाजातून उतरलेल्या उंदरांनी तो संपवला असं सगळे धरून चालले होते. २००१ मध्ये बॉल्स पिरॅमिड या समुद्रातल्या सुळक्यावर एका झुडपाखाली काही किडे सापडले. २००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. त्यांतली मेलबर्न प्राणिसंग्रहालयातली मादी आजारी पडली, तेव्हा तिथल्या रखवालदाराने कॅल्शियम आणि मधुरस मिसळून थेंबाथेंबाने तिला भरवलं. ती वाचली, अंडी घातली, आणि आज हजारो किडे आहेत. तिकीट काढून किडा बघायला कोण येतं, हा प्रश्न व्यवस्थापकांना पडतोच. वाघामुळे येणाऱ्या गर्दीच्या पैशातून किडा जगतो, हेही तितकंच खरं.

१०. बंदिवासात प्रजनन जमलंच नाही तर?

मग पकडलेला प्रत्येक प्राणी जंगलाच्या खात्यातून वजा झालेला असतो. १९८४ ते १९९६ या काळात सुमात्रन गेंडे वाचवण्यासाठी ४० गेंडे पकडले. अनेक वर्षं एकही पिल्लू झालं नाही आणि बरेच गेंडे मेले. वाळलेलं गवत त्यांना सोसत नव्हतं. त्यांना ताजा पाला हवा होता. नर-मादी एकत्र सोडली की जीवघेण्या मारामाऱ्या होत. सिनसिनाटीत सोनोग्राफीने रोज तपासल्यावर कळलं की मादीचं बीजांड समागम झाल्यावरच सुटतं. त्यानंतरही 'एमी' या मादीचे गर्भ पुन्हा पुन्हा पडले. हार्मोन देऊन अखेर २००१ मध्ये 'अंदालास' जन्मला. बंदिवासात या प्रजातीचं पिल्लू ११२ वर्षांनी जन्माला येत होतं. अंदालासला २००७ मध्ये सुमात्राला पाठवलं, २०१२ मध्ये तो बाप झाला, आणि २०२२ मध्ये त्याच्या मुलाला पिल्लू झालं. यश म्हणावं तर चाळीस गेंड्यांचा हिशेब डोळ्यांसमोर येतो.

११. गोठवलेल्या पेशींपासून प्राणी परत आणता येतात हे खरं का?

काही अंशी. सॅन डिएगोत १९७० च्या दशकापासून प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवल्या जात आहेत. तेव्हा त्यांचं पुढे काय करायचं हे तंत्र कुणाकडेच नव्हतं. १९८० मध्ये गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये शेवल्स्की घोड्याचं शिंगरू जन्मलं. १९८८ मध्ये मेलेल्या 'विला' या फेरेट मादीचा क्लोनही २०२० मध्येच जन्मला. विलाचा वंश पुढे गेलेलाच नव्हता, म्हणजे आठव्या पूर्वजाची जनुकं हाती आली. २०२४ मध्ये अशाच एका क्लोनला पिल्लंही झाली.

उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांसाठी हे तंत्र शेवटचा उपाय आहे. 'सुदान' हा शेवटचा नर २०१८ मध्ये मेला. आता दोन माद्या उरल्या आहेत, नाजिन आणि तिची मुलगी फातू, आणि दोघींनाही गर्भ पेलवणार नाही. साठवलेल्या बीजांपासून गर्भ तयार करून दक्षिणेकडच्या गेंड्याच्या मादीत वाढवायचे प्रयत्न चालू आहेत.

१२. ठणठणीत प्राण्यांना मारून टाकतात असं वाचलं. संवर्धनवाले असं करतात?

तुम्ही वाचलंत ते बहुधा 'मारियस'बद्दल असणार. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने दीड वर्षाचा निरोगी जिराफ मारला, लोकांसमोर त्याचं शवविच्छेदन केलं आणि मांस सिंहांना घातलं. कारण असं दिलं की त्याच्या वंशाचे जिराफ युरोपातल्या कार्यक्रमात आधीच भरपूर आहेत. हिशेबाच्या दृष्टीने तर्क बरोबर होता. स्टडबुकच्या वहीत (प्र. ३) जागा मर्यादितच असते. काही संस्था यावर गर्भनिरोधक वापरतात किंवा नरांचे वेगळे कळप ठेवतात. त्यालाही किंमत आहे, कारण फार काळ थांबवलेल्या माद्यांना नंतर पिल्लं होतीलच असं नाही. मला स्वतःला ती घटना पटली नाही, पण जन्मालाच न घालणं हा सोपा उपाय आहे असंही म्हणता येत नाही.

१३. वंश शुद्ध आहे हे कसं कळतं? चुकून संकर झाला तर?

अमेरिकेत आशियाई सिंहांचा संवर्धन कार्यक्रम मोठ्या उत्साहाने चालला होता. १९८७ मध्ये जनुकीय तपासणी झाली. मूळच्या पाच सिंहांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे निघाले. सगळी पुढची पिढी संकरित. कार्यक्रम गुंडाळावा लागला. बोर्निओ आणि सुमात्राचे ओरांगउटानही पूर्वी एकच समजून जोडले गेले. त्यांची संकरित संतती चांगली जगते, पण तिला पुढे पैदास करू देत नाहीत.

१४. सोडलेल्या प्राण्यांमुळे जंगलाचंच नुकसान झालं असं कधी झालंय?

झालंय. मयोर्का बेटावरच्या एका दुर्मिळ भेकाची पिल्लं बंदिवासात वाढवून सोडली, त्यांच्याबरोबर कायट्रिड बुरशीही बेटावर पोचली. वाढवण्याच्या ठिकाणी दुसऱ्या खंडातल्या बेडकांचा सहवास घडला होता. म्हणूनच आता अशा जिवांना वेगळ्या खोलीत, वेगळी पादत्राणं आणि वेगळं पाणी वापरून वाढवतात.

दुसरं उदाहरण टास्मानियन डेव्हिल या छोट्या मांसाहारी प्राण्याचं. चेहऱ्यावर गाठी आणणारा संसर्गजन्य कर्करोग पसरल्यावर २०१२ मध्ये निरोगी डेव्हिल मारिया बेटावर सोडले. डेव्हिल वाढले. तिथल्या छोट्या पेंग्विनांच्या सुमारे तीन हजार जोड्या मात्र नाहीशा झाल्या.

१५. प्रेक्षक नसलेल्या केंद्रांत हे काम जास्त चांगलं होत नाही का?

बऱ्याचदा होतं. भारतात डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधाने गिधाडं मेली, तेव्हा पिंजोरला लोकांच्या वर्दळीपासून दूर प्रजनन केंद्र उभं राहिलं, आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. आसामात पिग्मी हॉग या इवल्याशा रानडुकराचं काम १९९६ पासून अशाच केंद्रात चाललंय आणि २००८ पासून डुकरं गवताळ रानात सोडली जातात. पण अशा केंद्रांना लागणारं पशुवैद्यकाचं ज्ञान, प्रशिक्षित माणसं आणि पुष्कळदा पैसाही प्राणिसंग्रहालयांकडून येतो.

१६. मग एखादं प्राणिसंग्रहालय खरं काम करतंय हे ओळखायचं कसं?

तिथल्या माणसांना तीन गोष्टी विचारा. तुमचा कुठला प्राणी कुठल्या स्टडबुकमध्ये आहे? इथून कोण, कुठे सोडला गेला? तो सोडलेल्या जागेसाठी तुम्ही काय करता? उत्तरं ठोस मिळाली तर उत्तम. पिल्लांबरोबर फोटो काढायची सोय असेल तर विचारायचीही गरज नाही.

१७. प्राण्याचं घरच उरलं नसेल तर त्याला जपून काय उपयोग?

टांझानियातल्या किहान्सी धबधब्याच्या तुषारांत एक नखाएवढा पिवळा भेक राहायचा. जगात दुसरीकडे कुठेच नाही. अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारा. २००० मध्ये धरणाने पाणी वळवलं आणि तुषार जवळजवळ थांबले. त्याच वर्षी सुमारे ५०० भेक न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात नेले. पुढे ते अमेरिकेतल्याच टोलिडोच्या प्राणिसंग्रहालयातही वाढवले गेले. २००९ मध्ये प्रजाती जंगलातून नामशेष जाहीर झाली. तोवर टांझानियात त्या दरीत नळांचं जाळं घालून फवारे बसवले होते. २०१२ च्या सुमारास भेक परत आले. ते आज राहतात ते या फवाऱ्यांखाली. फवारे रोज चालू ठेवावे लागतात.